कॉम्बोचा भाव आणि घराचा हिशेब

नाशिकच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलाची बारावी झाली, त्याला गेमिंगचा कॉम्प्युटर हवा आहे. प्रोसेसर आणि मदरबोर्ड असा ‘कॉम्बो’ सवलतीत मिळतोय, ऑफर दोनच दिवस आहे, घ्यावा का, असा त्यांचा प्रश्न. पत्रासोबत तीन कोटेशन आहेत आणि तिन्हींत सवलतीचा आकडा लाल शाईने गोल केलेला आहे. मालेगावहूनही असेच विचारणारे एक पत्र पडून होते, म्हणून या महिन्याचे पान आम्ही याच विषयाला देत आहोत.

गेम खेळावे की खेळू नयेत, हा वाद आज बाजूला ठेवू. पैसे लावून खेळणे हा जुगार आहे. त्याविषयी शरियतचे म्हणणे सर्वांना ठाऊक आहे आणि २०२५ मध्ये केंद्र सरकारनेही कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. बाकी नमाज आणि अभ्यास सांभाळून मुलाने खेळायला घराने हो म्हटले असेल, तर पुढचा प्रश्न घराच्या कष्टाच्या पैशांचा आहे.

प्रोसेसर म्हणजे विचार करणारा तुकडा आणि मदरबोर्ड म्हणजे ज्या पाटीवर तो व बाकीचे सगळे भाग बसतात ती पाटी, एवढे समजले तरी पुरे. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. कुलूप-किल्लीसारखे हे नाते आहे. एका सॉकेटचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. दोन्ही वस्तू एकत्र विकण्यात गैर काही नाही. काय विकतो आहोत आणि कितीला, हे दोन्ही बाजूंना स्पष्ट असले म्हणजे सौदा साफ. अडचण येते ती चांगल्या वस्तूच्या आड पडून राहिलेली वस्तू खपवली जाते तेव्हा. बाजारात धान्याच्या ढिगात प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी हात घातला आणि आतले धान्य ओले लागले, ही हदीस आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. कॉम्बोत प्रोसेसर हा वरचा कोरडा थर असतो. त्याचे नाव सगळ्यांना माहीत असते, भाव इंटरनेटवर लगेच तपासता येतो. मदरबोर्डांचे मात्र शेकडो प्रकार, नावे एकासारखी एक. म्हणून हात तिथे घालून पाहावा.

दुकानदाराला पहिला प्रश्न: दोन्हींचा भाव वेगवेगळा लिहून द्याल का? समजा प्रोसेसर १०,००० चा, बोर्ड ८,००० चा आणि कॉम्बो १६,५०० ला आहे. दीड हजार वाचले असे वाटते. पण मुलाच्या कामाला ६,००० चा बोर्ड पुरणार असेल, तर सुटे घेतले तरी १६,००० च होतात. म्हणजे सवलत घेऊन आपण ५०० रुपये जास्त दिले. उलटही घडते. एखाद्या कॉम्बोत बोर्ड खरोखर हवा तोच असतो आणि दीड हजार खरेच वाचतात. (हे आकडे समजावण्यापुरते आहेत, भाव दर आठवड्याला हलतात.) छापील एमआरपी पाहून सवलत मोजू नये. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांवर एमआरपी कितीतरी वर छापलेली असते आणि त्या भावाने कुणी घेतही नाही.

आता बोर्डाचे आयुष्य. एएमडीचे एएम-४ हे सॉकेट २०१६ चे. रायझन प्रोसेसर त्यावर २०१७ मध्ये आले. स्वस्त कॉम्बोंमध्ये आजही बहुधा हेच असते, कारण माल भरपूर आहे आणि काम चोख देतो. २०२२ चा रायझन ५ ५६०० हा सहा कोअरचा प्रोसेसर आजही मध्यम गेमिंगला पुरतो. पण या सॉकेटवर याहून फार पुढे जाता येत नाही. एएम-५ हे २०२२ चे सॉकेट. २०२७ पर्यंत आणि त्यानंतरही त्याला साथ देऊ, असे एएमडीने जाहीर केले आहे. तीन-चार वर्षांनी बोर्ड तोच ठेवून फक्त प्रोसेसर बदलायचा असेल, तर जास्तीचे पैसे इथे घालण्यात अर्थ आहे. इंटेलच्या एलजीए-१७०० वर बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी बसते. २०२४ मध्ये कंपनी पुढच्या सॉकेटवर गेली. त्यामुळे त्याचे कॉम्बो स्वस्त झालेले दिसतात. स्वस्त म्हणून घ्यायला हरकत नाही. मात्र ‘पुढे अपग्रेड होईल’ हे वाक्य ऐकून घेऊ नये. एच-६१० सारख्या सर्वांत स्वस्त बोर्डावर पुढे मोठा, जास्त वीज खाणारा प्रोसेसर कागदावर बसतो, पण त्या बोर्डाचा वीजपुरवठ्याचा भाग तेवढा दणकट नसतो.

पत्रातल्या कोटेशनपैकी एकात ‘बी-४५० बोर्ड आणि रायझन ५ ५६००’ असे आहे. बी-४५० हा बोर्ड या प्रोसेसरच्या बराच आधीचा. त्यातले मूळ सॉफ्टवेअर, ज्याला बायॉस म्हणतात, जुने असेल तर नवा प्रोसेसर लावल्यावर मशीन सुरूच होत नाही. दोन्ही वस्तू चांगल्या आणि जोडी बंद. दुकानातच बायॉस अपडेट करून, स्क्रीन चालू झालेली पाहूनच पैसे द्यावेत. मालेगावहून शंभरेक किलोमीटर एसटीने येणाऱ्याला तर हे आम्ही आग्रहाने सांगू.

तिसऱ्या कोटेशनमध्ये बारा हजार शंभर ‘एफ’ आहे, म्हणजे इंटेल कोअर आय-३ १२१००एफ. भाव तिन्हींत कमी. पण त्या शेवटच्या एफ अक्षराचा अर्थ, यात चित्र दाखवण्याची सोय नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काही उमटणार नाही. गेमिंगच्या मशीनमध्ये कार्डच सर्वांत महाग असते. म्हणजे कॉम्बोने जे वाचले त्याच्या कितीतरी पट रक्कम त्याच आठवड्यात उभी करावी लागणार आणि तिथेच हप्त्याचे बोलणे सुरू होते.

याच्या उलट ‘जी’ अक्षराचे प्रोसेसर. रायझन ५ ५६००जी किंवा एएम-५ वरचा ८६००जी घेतला, तर आतलेच ग्राफिक्स वापरून व्हॅलोरंटसारखे हलके गेम चालतात, अभ्यास होतो, व्हिडिओ एडिटिंगही होते. (‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा २००८ चा माहितीपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना साध्या साधनांत आपली पोरे काय काय करतात हे सांगायला नको.) कार्ड वर्षभराने, पैसे जमतील तेव्हा. याची किंमतही सांगून ठेवतो. ५६००जी मध्ये कॅश मेमरी ५६०० च्या निम्मी आहे, त्यामुळे पुढे मोठे कार्ड लावल्यावर तो ५६०० पेक्षा थोडा मागे पडेल. मुलगा हा फरक नक्की बोलून दाखवेल आणि त्याचे म्हणणे खरे असेल. तरीही हातात पूर्ण रक्कम नसलेल्या घराला आम्ही ‘जी’ असलेलीच जोडी सुचवू. थोडा वेग कमी चालेल. कर्जावर घेतलेला वेग नको.

रॅमचा विचार केल्याशिवाय कॉम्बोचा विचार सध्या अपुराच. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव जगभर भडकले आहेत. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी आहे आणि कारखाने माल तिकडे वळवत आहेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. रॅम महाग म्हणून लोक नवे मशीन घेणे पुढे ढकलतात, बोर्ड आणि प्रोसेसर पडून राहतात, त्यावर सवलती निघतात. कॉम्बोत रॅम नसेल तर सवलतीचा आकडा अर्धवट आहे असे समजावे. एएम-५ ला डीडीआर-५ च लागते. एएम-४ ला डीडीआर-४. एलजीए-१७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात आणि एका प्रकारची रॅम दुसऱ्यात बसत नाही. घरात किंवा चुलतभावाकडे जुन्या कॉम्प्युटरची डीडीआर-४ रॅम पडलेली असेल, तर आज तीच खरी सवलत आहे आणि मग डीडीआर-४ चा कॉम्बो घेणे शहाणपणाचे ठरते. ‘जी’ प्रोसेसर असेल तर रॅम एका कांडीत न घेता दोन कांड्यांत घ्यावी; आतले ग्राफिक्स त्यावरच चालते आणि फरक डोळ्यांना दिसतो.

‘आय-५, बोर्ड, रॅम सगळे मिळून इतक्यात’ अशी फारच स्वस्त पाटी दिसली, तर कितव्या पिढीचा आय-५ ते विचारावे. बरेचदा तो २०१२ च्या सुमाराचा तिसऱ्या पिढीचा असतो, एच-६१ बोर्डावर. बोर्ड नवा कोरा असू शकतो, पण घडण जुनी. विंडोज १० ची मोफत साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची आठवी पिढी आणि पुढचेच प्रोसेसर आहेत. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायचा तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागते. एव्हीएक्स-२ ही सोय चौथ्या पिढीपासूनची, आणि ती नसेल तर काही नवे गेम उघडतही नाहीत. दुकानाचा हिशेब लिहायला असे मशीन चालेल. गेमिंग म्हणून विकले जात असेल तर ते ओले धान्य.

आता हप्ता. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे सूद नाही, असे अनेक दीनदार घरांतही समजले जाते. घडते ते असे: बँक नेहमीसारखेच व्याज लावते आणि विक्रेता किंवा कंपनी तेवढी रक्कम किमतीतून आधीच कमी करते. समजा २४,००० चा माल, सहा महिने, व्याजदर वर्षाला १५ टक्के. व्याज साधारण हजार रुपये होते. विक्रेता हजार रुपये ‘सूट’ देतो, तुम्ही हजार रुपये ‘व्याज’ देता, बेरीज २४,०००. वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १८० रुपये, आणि बहुधा प्रोसेसिंग फी वेगळी. कार्डाच्या स्टेटमेंटवर ‘इंटरेस्ट’ हा शब्द छापून येतो. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना सुनावले होते. तपशिलाचा मसला आपल्या ओळखीच्या आलिमांना जरूर विचारावा. आमच्या मते ज्या करारात व्याज हा शब्द लिहून त्यावर सही घेतली जाते, त्याला दुसरे नाव देऊन घरात आणू नये.

यात रोखीने घेणाऱ्याच्या कामाची एक गोष्ट लपली आहे. हप्त्याच्या गिऱ्हाईकासाठी विक्रेत्याची बाजू हजार रुपये सोडायला तयार असेल, तर रोख देणाऱ्याने ते हजार मागायला लाजू नये. सारेच देत नाहीत, पण मागणाऱ्याला कुठे ना कुठे मिळतात.

रक्कम कमी पडत असेल तर मोहल्ल्यातल्या बायकांची भिशी आहेच. आपापसांत समान रक्कम काढून चिठ्ठीने पाळी ठरवायची, कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. बोली लावून, रक्कम सोडून आधी उचलायची लिलावाची भिशी मात्र सुदाच्या वाटेने जाते, ती नको. मामा-काकांकडून कर्ज-ए-हसना घेतले तर परतीची तारीख लिहून ठेवावी आणि लिहायला मुलालाच बसवावे. दोन दिवसांच्या ऑफरची घाई करू नका. अशा सवलती सणासुदीला पुन्हा निघतात. भिशीची पाळी येईपर्यंत कॉम्बो संपत नाहीत.

बिलाचे थोडक्यात. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ याला नकार द्यावा. कर बुडतो हे एक आणि वॉरंटीचा पुरावा जातो हे दुसरे. भाव १८ टक्के जीएसटी धरून आहे का ते आधी विचारावे. बिलावर दोन्ही वस्तूंची नावे, भाव आणि सिरियल नंबर वेगवेगळे हवेत, नाहीतर एक वस्तू बिघडल्यावर ‘कॉम्बो आहे, एकटे बदलता येत नाही’ असे ऐकावे लागते. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला आहे की सुटा ‘ट्रे’चा, तेही पाहावे. खोक्यातल्यावर इंटेल आणि एएमडी तीन वर्षांची वॉरंटी देतात. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही मोठ्या प्रोसेसरांत अस्थिरतेचा दोष निघाल्यावर २०२४ मध्ये कंपनीने त्यांची मुदत आणखी दोन वर्षे वाढवली. सुट्या ट्रेच्या मालाला दुकानदाराच्या शब्दाचाच आधार. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आमच्या वाचकांत दुकानदारही आहेत. त्यांना एवढीच विनंती, की बोर्ड जुन्या स्टॉकचा असेल तर गिऱ्हाईकाने विचारण्याआधी सांगा. गिऱ्हाईक घेतेही, फक्त माहीत असून घेते.

भगिनींच्या तीन कोटेशनपैकी आमची पसंती दुसऱ्याला आहे, ५६००जी आणि बी-५५० बोर्डाच्या जोडीला, ती सवलतीत सर्वांत कमी असली तरी. तिला कार्ड लगेच लागत नाही, आणि पत्रात म्हटल्याप्रमाणे मोठ्या मुलीच्या जुन्या मशीनमधल्या डीडीआर-४ च्या दोन कांड्या तिच्यात बसतील. दुकानात जाताना त्या कांड्या पाकिटात घालून सोबत न्याव्यात आणि त्याच लावून मशीन सुरू करून घ्यावे. त्याआधी खोके उघडल्यावर पिना उजेडात पाहाव्यात. एएम-४ मध्ये त्या प्रोसेसरच्या खाली असतात, एएम-५ आणि इंटेलमध्ये बोर्डाच्या सॉकेटमध्ये. एखादी वाकलेली दिसली तर तिथेच फोटो काढून वस्तू बदलून घ्यावी; घरी नेल्यावर ती कुणाच्या हातून वाकली, याचा निवाडा कुणालाच करता येत नाही.