इच्छाधारी, पण इच्छा कुणाची?



दर रविवारी विहारात आमचा अभ्यासवर्ग चालतो. मागच्या महिन्यात दहावी-बारावीच्या मुलामुलींसोबत आम्ही बाबासाहेबांचा 'भारतातील जाती' हा निबंध वाचत होतो. बाईवरच्या बंधनांचा विषय निघाला आणि बोलणे टीव्हीवरच्या मालिकांकडे वळले. एक मुलगी म्हणाली, "दादा, त्या नागिणीला इच्छाधारी म्हणतात. पण तिची स्वतःची इच्छा काय आहे, ते कधीच दाखवत नाहीत. सारखी कुणाचा तरी बदलाच घेत असते."

वर्ग हसला, आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण त्या पोरीने सहज बोलता बोलता दुखण्याच्या मुळावरच बोट ठेवले होते.

'नागिन' ही एकता कपूरच्या बालाजी टेलिफिल्म्सची हिंदी मालिका. कलर्स वाहिनीवर १ नोव्हेंबर २०१५ रोजी ती सुरू झाली आणि पुढे तिची पर्वांमागून पर्वे आली. शनिवार-रविवारी रात्री ती लागली की आमच्या वस्तीतही गल्ली रिकामी व्हायची. ती पाहणाऱ्यांना हसायला आम्ही बसलेलो नाही. आमच्या आया-बहिणींनी ती आवडीने पाहिली, आम्हीही पाहिली. का पाहिली? कारण पडद्यावरच्या रडक्या सुनांच्या गर्दीत ही एक बाई अशी होती, की जिला लोक घाबरत होते. दिवसभर दुसऱ्याच्या घरची भांडी घासून आलेल्या बाईला कुणीतरी मालकाला डसताना पाहून बरे वाटले, तर त्यात तिची चूक काय?

पण ही शक्ती दिली कुणाला, कशासाठी, आणि तिची किंमत काय लावली, हे विचारायलाच हवे.

पहिल्या पर्वातली शिवन्या नागमण्यासाठी आईबापाचा खून करणाऱ्यांचा सूड घ्यायला निघते. त्यासाठी ती रहेजांच्या श्रीमंत घरात शिरते आणि त्याच घराची सून होते. दुसऱ्या पर्वात तिची मुलगी शिवांगी येते. मुलीच्या वाट्याला नागिणीचे आयुष्य येऊ नये म्हणून आईची धडपड चालते. पण पंचविसावे वर्ष लागताच मुलीतली नागीण जागी होते. सहाव्या पर्वात, २०२२ साली, नागिणीला शत्रुराष्ट्राने पसरवलेल्या महामारीपासून देश वाचवण्याच्या कामाला लावले.

आता हिशेब मांडा. नागिणीची शक्ती आईबापाच्या सुडासाठी, मण्याच्या राखणीसाठी, सासरच्या नवऱ्यासाठी आणि शेवटी देशासाठी. तिच्या स्वतःसाठी काय उरले? कॅमेरा तिच्या कमरेवरून फिरतो, तिच्या नाचावर थांबतो. तिचे शरीर प्रेक्षकाला पुरेपूर दाखवले जाते. पण त्या शरीराला काय हवे आहे, हा प्रश्न लेखकाला पडत नाही. शरीर सगळ्यांचे, इच्छा कुणाचीच नाही. यालाच इच्छाधारी म्हणायचे का?

मराठीतही वेगळे नाही. झी मराठीवर २०२२ साली 'सातव्या मुलीची सातवी मुलगी' सुरू झाली. त्यातल्या नेत्राला पुढे घडणारे आधी दिसते. एवढी मोठी दृष्टी तरुण मुलीला मिळाली, आणि ती खर्ची पडली राजाध्यक्षांचे घराणे वाचवण्यात! आडनावेही बघा. रहेजा, राजाध्यक्ष. चमत्कारसुद्धा कुणाच्या बंगल्यात घडायचा, हे या मंडळींनी आधीच ठरवलेले असते.

शिवांगीचे पंचविसावे वर्ष पुन्हा आठवा. वयात येणाऱ्या मुलीच्या अंगात काहीतरी जागे होते, ते घरच्यांना कळते, आणि घर घाबरते. मालिकेत त्याला नागीण म्हणतात. आपल्या घरात त्याला म्हणतात, "पोरगी मोठी झाली, आता लक्ष ठेवा." पाळी आली की खेळणे बंद. सोळावे लागले की मोबाइल तपासणे सुरू. बारावी झाली की स्थळे सुरू. मालिकेने ही भीती जन्माला घातलेली नाही. तिने ती घरातून उचलली, तिला हिरवे डोळे आणि शेपटी लावली, आणि पुन्हा घरातच विकली.

ही भीती येते कुठून, याचे उत्तर बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात दिले. त्यांना तेव्हा नुकतीच पंचविशी पूर्ण झाली होती! पडद्यावरची पोरगी पंचविसाव्या वर्षी फणा काढते. आमच्या बापाने त्याच वयात जातीचा फणा कुठे दाबायचा ते जगाला दाखवले. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून. आणि तसे लग्न टिकवायचे तर बाईच्या इच्छेला कुलूप हवे. सती, विधवेवर लादलेले वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथांचा उगम त्यांनी इथे शोधला. बालविवाहाचा साधा अर्थ हाच, की मुलीच्या मनात आवडनिवड उगवायच्या आत तिचे दान करून मोकळे व्हायचे.

म्हणूनच तरुण मुलीची इच्छा हा या देशात खाजगी मामला कधीच नव्हता. मुलीने स्वतःच्या पसंतीने माणूस निवडला, की जातीच्या भिंतीला भोक पडते. २०१४ साली खर्ड्यात आमच्या सतरा वर्षांच्या पोराला का मारले? वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो, एवढ्याच संशयावरून. २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. आणि सरकार? डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांची माहिती ठेवायला समिती काढली. ओरड झाल्यावर त्यातला आंतरजातीय शब्द गाळला, आंतरधर्मीय तसाच ठेवला. मुलीने कुणावर प्रेम केले याची नोंद सरकारला हवी, मग ती नागिणीहून कमी धोकादायक कशी?

आता नागाबद्दल बोलू, कारण हा शब्द आपल्या जिव्हाळ्याचा आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी दीक्षेसाठी हे शहर का निवडले ते सांगितले. नाग हे बुद्धाचा धम्म पसरवणारे लोक होते. साप नव्हते, माणसे होती. महाभारतातही बघा. खांडववन जळते तेव्हा पोराला वाचवू पाहणारी तक्षकाची बायको अर्जुनाच्या बाणाने मरते. जनमेजयाच्या सर्पसत्रात नाग आगीत पडतात. आणि उलूपी? ती नागकन्या अर्जुनाला पाण्यात ओढून नेते आणि मला तू हवास असे तोंडाने सांगते. म्हणजे त्या जुन्या पोथीतल्या नागकन्येला इच्छा होती आणि ती बोलायची सोयही होती. एकविसाव्या शतकातल्या टीव्हीने तेवढीही ठेवली नाही. तिला महादेवाच्या देवळात नाचायला लावले, शक्ती देवाची देणगी ठरवली, आणि एका अख्ख्या लोकसमूहाच्या संहाराचा सूड एका मण्याच्या भांडणावर आणून ठेवला. आमचा इतिहास सापाच्या कातीसारखा सोलून घेतला आणि त्याचा पोशाख शिवला!

कुणी म्हणेल, "अहो, मालिका आहे, करमणूक आहे. एवढे काय मनावर घेता?" मनावर घेतो, कारण वार पडतो तो आमच्या अंगावर. ऑगस्ट २०१७ मध्ये उत्तर भारतात बायकांच्या वेण्या कापल्या जात असल्याची आवई उठली. आग्र्याजवळच्या एका गावात एका वृद्ध दलित बाईला चेटकीण समजून जमावाने ठार मारले. पुढच्याच वर्षी स्टार प्लसवर 'नजर' ही मालिका आली. तिची डायन मोहना, आणि तिची सगळी शक्ती तिच्या लांब वेणीत! सातपुड्यात आजही डाकीण ठरवून आदिवासी बाईला मारहाण होते. डॉ. दाभोलकरांचे रक्त सांडल्यावर महाराष्ट्राला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मिळाला. पडद्यावर शक्ती असलेली बाई गोरी, दागिन्यांनी मढलेली, बंगल्यातली. गावात शक्ती असल्याच्या संशयावरून मार खाणारी बाई दलित, आदिवासी, एकटी. बंगल्यातली टीआरपी मिळवते, गावातली दगड खाते.

हा रोग एकट्या आपल्या देशातला नाही. तुमच्यातल्या अनेकांनी मोबाइलवर 'गेम ऑफ थ्रोन्स' पाहिले असेल. डेनेरिस ही पोरगी. भाऊ तिला सैन्याच्या मोबदल्यात एका टोळीच्या सरदाराला देऊन टाकतो. तिथून ती ड्रॅगनची आई होते, राणी होते, गुलामांना सोडवते. पण गुलामांची मुक्ती या गोऱ्या राणीच्या हातची. ते तिला 'आई' म्हणत खांद्यावर उचलतात. तिची सोबतीण मिसांडे, पूर्वाश्रमीची गुलाम, शेवटी पुन्हा साखळदंडात उभी केली जाते आणि तिचे डोके उडवले जाते. कशासाठी? तर राणीचा राग भडकावा म्हणून. मग राणी वेडी ठरते, शहर जाळते आणि तिचा प्रियकरच तिला भोसकतो. शक्ती पेलता न येणारी बाई वेडी होते, हा निष्कर्ष २०१९ साली जगभर दाखवला गेला. आणि गुलाम मुलगी? ती दुसऱ्याच्या गोष्टीसाठी मेली.

याच जातीची एक जुनी अमेरिकन मालिका होती, 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर'. १९९७ ते २००३. तिच्यातही खोट आहे. बफी सतराव्या वाढदिवसाच्या रात्री प्रियकराजवळ जाते आणि त्यापायी तो राक्षस होतो. मुलीच्या पहिल्या सुखाला शिक्षा इथेही आहेच. पण शेवट बघा. दर पिढीत एकाच मुलीला शक्ती मिळते, हा नियम प्राचीन काळी काही पुरुषांनी एका मुलीला साखळीने बांधून घातलेला असतो. बफी आणि तिची मैत्रीण तो नियम मोडतात. जगातल्या ज्या ज्या मुलीत ही ताकद दबून आहे, त्या सगळ्यांना ती एकदम मिळते. एकीला देवी करून बाकीच्यांना घरात बसवायचे, ही रीत संपते. आम्हाला हा शेवट ओळखीचा वाटला. महाडचे पाणी कुणा एका निवडलेल्यासाठी नव्हते.

आता बोट आमच्याकडे वळवतो. भीमजयंतीला निळा झेंडा घेऊन नाचणारा आमचाच भाऊ रात्री बहिणीचा मोबाइल तपासतो. जात मोडा म्हणून भाषण ठोकणारा आमचाच कार्यकर्ता मुलीसाठी पोटजातीतलेच स्थळ शोधतो. हा विषय काढला की म्हणतो, "असले घाण विषय चळवळीत नकोत." दादा, र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या लैंगिक प्रश्नोत्तरांसाठी अश्लीलतेचा खटला भरला, तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू मांडायला कोर्टात कोण उभे राहिले? बाबासाहेब! खटला हरले, पण विषय घाण म्हणून मागे सरले नाहीत. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी आमच्या आज्यांना सांगितले, की मुलींच्या लग्नाची घाई करू नका, आणि बायकोने नवऱ्याची गुलाम होऊ नये, बरोबरीची मैत्रीण व्हावे. त्या बापाच्या लेकरांनी मुलीच्या इच्छेला नागीण म्हणून घाबरायचे?

मालिका बंद पाडा, असे आम्ही म्हणत नाही. बंदी घालणे हा मनुवाद्यांचा धंदा आहे. आम्ही म्हणतो, मालिका बघा, पण विहारात आणून बघा. शेजारी पोरीला बसवा आणि विचारा, यात तुला काय खोटे वाटले. पाळी, प्रेम, नकार आणि जोडीदाराची निवड यांवर अभ्यासवर्गात मुलामुलींसमोर उघड बोला. आपल्या पोरींना कॅमेरा द्या, लेखणी द्या. आणि लिहिल्यावर त्यांच्या वहीत डोकावू नका.

त्या मुलीला आम्ही पुढच्या रविवारी विचारले, "तुला शक्ती मिळाली तर काय करशील?" तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "दादा, रात्री नऊला क्लासवरून एकटी घरी येईन. आणि कुणी विचारणार नाही, कुठे होतीस."

एवढेच मागणे आहे. त्याला फणा लागत नाही, मणी लागत नाही. आपल्या घराचे दार लागते, आणि ते आपल्याच हातात आहे.

जय भीम! जय सावित्री!