तिथे बघण्यासारखं आहेच काय?

शिकागोत वीकेंडला कुठे जायचं हा विषय निघाला की मी व्होलो बॉगचं नाव घेतो, आणि दर वेळी तेच दोन प्रश्न येतात. "ट्रेक किती मैलांचा?" आणि "तिथे बघण्यासारखं आहेच काय?" पहिल्याचं उत्तर: अर्धा मैल, लाकडी फळ्यांवरून, चढ नावापुरता. हे ऐकून मंडळींचे चेहरे पडतात. ज्यात घाम निघत नाही आणि ज्याचा आकडा सोमवारी ऑफिसात सांगता येत नाही, ते चालणं आमच्या हिशोबात बसतच नाही.

पण मला खरा राग येतो तो दुसऱ्या प्रश्नाचा.

आधी काय बघायचं ते सांगतो. हिमयुग संपताना हिमनदीने बर्फाचा एक प्रचंड तुकडा इथे मागे सोडला. तो वितळला, खड्ड्यात तळं झालं. मग काठाकडून मध्याकडे वनस्पतींची एक तरंगती गादी सरकू लागली. ती अजून सरकतेच आहे. बोर्डवॉकवर तुम्ही आधी झुडपांतून जाता, मग टॅमरॅकच्या झाडांतून (सूचिपर्णी असूनही दर हिवाळ्याआधी हा प्राणी पानं गाळतो!), आणि शेवटी मधोमध उघडं पाणी. म्हणजे हजारो वर्षांचा इतिहास अर्ध्या मैलात ओळीने मांडलेला. पायाखालच्या फळ्या तरंगतात, कारण खालची 'जमीन'सुद्धा तरंगतेच आहे.

या सगळ्याचा कारभारी म्हणजे स्फॅग्नम नावाचं शेवाळ. ते पाण्यातले क्षार शोषून घेतं, बदल्यात आम्ल सोडतं. अशा पाण्यात काही धड कुजत नाही, आणि कुजत नाही म्हणून खताला काही उरत नाही. मग झाडांनी खायचं काय? किडे! इथला पिचर प्लांट आणि ड्रोसेरा हेच करतात. ड्रोसेराचे भाऊबंद आपल्या कासच्या पठारावरही आहेत, आणि तिथली 'सीतेची आसवं'सुद्धा याच पंथातली. गंमत बघा, कासचा सडा काय किंवा ही दलदल काय, माणसाने दोघांना एकच नाव दिलं: पडीक जमीन.

आणि इथेच तो प्रश्न निरागस राहत नाही. 'तिथे आहेच काय' हेच 1850 साली अमेरिकेच्या संसदेलाही वाटलं होतं. स्वॅम्प लँड कायद्याने दलदली राज्यांना देऊन टाकल्या, का तर त्यांनी त्या निचरा करून 'उपयोगी' कराव्यात म्हणून. 1780 ते 1980 या दोनशे वर्षांत इलिनॉयने आपली सुमारे 85 टक्के पाणथळ जमीन गमावली. त्या जमिनीवर मका आणि सोयाबीन पिकलं, लोकांची पोटं भरली, हे मान्य. पण उरलेल्या पंधरा टक्क्यांनाही आपण तोच प्रश्न विचारायचा?

कोर्टानेही जवळपास तोच विचारलाय. 2001 साली शिकागोच्याच उपनगरांचा एक खटला सुप्रीम कोर्टात गेला. स्थलांतरित पक्षी उतरतात एवढ्यावरून एकाकी तळ्यांना केंद्राचा जलकायदा लागू होत नाही, असा निकाल लागला. 2023 च्या सॅकेट खटल्यात कोर्ट आणखी पुढे गेलं: नदी, तलाव अशा कायमच्या पाण्याशी वरून सलग जोडलेली पाणथळ जागाच त्या कायद्यात बसते. आता बॉग म्हणजे काय? बहुतेक वेळा पावसावर जगणारा, ओढा ना नाला असा खड्डा! ज्या एकटेपणामुळे तो बॉग होतो, तोच त्याचा कायद्यातला दोष ठरला. व्होलो राज्याच्या मालकीचा आणि राखीव आहे म्हणून सुरक्षित. बाकीच्यांचं काय?

आपल्या धंद्यात कुणी म्हणालं की "हा कोड काय करतो कळत नाही, उडवून टाकू", तर आपण त्याला आधी बॅकअप घ्यायला लावतो. इथे बॅकअप नाही. पीट साचतं वर्षाला साधारण एक मिलिमीटर. एक मीटर उपसलात की हजार वर्षं गेली. जगातल्या जमिनीच्या जेमतेम 3 टक्के जागेवर असलेलं हे पीट सगळ्या जंगलांपेक्षा जास्त कार्बन धरून बसलंय. निचरा केला की तो हवेत.

"फळीवरूनच चालायचं, हा कसला निसर्ग?" असंही म्हणतात. अहो, त्या गाद्यांवर पाय पडला तर ठसा वर्षानुवर्षं बुजत नाही. फळी आहे म्हणून हजारो लोक आत जाऊन येतात आणि आत काही बिघडत नाही. इथे भारतातून आलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या आईबाबांनाही नेता येतं. सोपं चालणं म्हणजे हलकं चालणं नव्हे. ज्याने दलदल कधी पाहिलीच नाही, तो तिच्यासाठी मत काय देणार, पैसे काय देणार?

1958 साली हा बॉग विकत घ्यायला पैसे जमवले गेले तेव्हा देणाऱ्यांत शाळेतली मुलंही होती. 47 एकर, नांगरता न येणारी, घर बांधता न येणारी जागा! त्या मुलांना उपयोग विचारावासा वाटला नाही. आपण तर चांगले पगारदार लोक आहोत.