आजीला गोंदताना दुखत नव्हते, हे कोणी सांगितले?

१/ टॅटू काढण्यापूर्वी नंबिंग क्रीम लावणाऱ्या मुलींची टिंगल करणारे संदेश वरचेवर फिरत असतात. त्यांत एक वाक्य हटकून येते: आमच्या आज्यांनी कपाळावर, हातभर गोंदवून घेतले, पण हूं की चूं केले नाही, तेव्हा दुखतच नसे. या वाक्याला इतिहासाचा आधार नाही. #थ्रेड

२/ गोंदण्याची रीत पाहा. एकत्र बांधलेल्या दोन-चार सुया, काजळी, नंतर हळदीचा लेप. रंग कायमचा टिकायचा तर सुई त्वचेच्या वरच्या थराखाली जावीच लागते, आणि वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे तिथेच असते. आजीची त्वचा याला अपवाद नव्हती.

३/ गोंदवून घेणारी पुष्कळदा अजाण मुलगी असे. घरच्या बायका तिला धरून बसत. गोंदणारीण तिला बोलण्यात गुंतवी. उत्तर भारतात गोदना गोंदणाऱ्या नट स्त्रियांची गाणी अभ्यासकांनी नोंदवून ठेवली आहेत. मुलीचे लक्ष सुईवरून काढणे हा त्या गाण्यांचा एक उघड हेतू. दुखतच नसेल, तर गाणे कशासाठी? आणि हात धरायला बायका तरी कशासाठी?

४/ वेदना सोसणे हाच ज्या संस्काराचा गाभा, तिथेही हेच दिसते. सामोआतील पुरुषांचे 'पेआ' हे कमरेपासून गुडघ्यापर्यंतचे गोंदण अर्धवट सोडणे लाजिरवाणे समजतात. तरीही ते अनेक बैठकांत पुरे होते, आणि आप्तेष्ट जवळ बसून गातात, धीर देतात.

५/ 'त्यांना दुखतच नाही' या युक्तिवादाचा एक प्रसिद्ध पुरस्कर्ता मात्र युरोपातला आहे. इटालियन वैद्य चेझारे लोम्ब्रोझो याने १८७६ च्या आपल्या ग्रंथात गुन्हेगारांच्या अंगावरील गोंदण हे त्यांच्या बोथट संवेदनेचे लक्षण ठरवले. 'रानटी' माणूस आणि गुन्हेगार यांना वेदना कमी जाणवतात, असे त्याचे म्हणणे. विजेच्या उपकरणाने वेदना मोजण्याचा खटाटोपही त्याने केला.

६/ १८९३ मध्ये गुल्येल्मो फेरेरो याच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्याने स्त्रियांनाही याच रांगेत बसवले: त्यांना पुरुषांहून कमी दुखते म्हणे! आजीचा गौरव करायला निघालेले लोक नकळत या गृहस्थाच्या पंगतीला जाऊन बसतात. सोसणे वेगळे आणि न जाणवणे वेगळे. दुसरे म्हटले की पहिल्याची दखल घेण्याची जबाबदारीच उरत नाही.

७/ 'गोंदण म्हणजे प्राचीन ॲक्युपंक्चर' हा त्याच संदेशांचा दुसरा आवडता दावा. ज्यांनी गोंदवले त्या बायकांनी सांगितलेली कारणे निराळीच आहेत: शोभा, कुळाची वा जमातीची ओळख, आणि मरणानंतर सोबत येणारा हाच एक दागिना ही श्रद्धा. त्यांचे शब्द बाजूला सारून त्यांच्या कातडीवर आपले 'विज्ञान' लिहिण्याचा अधिकार कोणी दिला?

८/ क्रीमविषयी थोडे. त्यात बहुधा असणारे लिडोकेन स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झाले. दंतवैद्याकडे सुई घेताना टिंगल करणारेही तेच घेतात. क्रीमवर एक आक्षेप मात्र रास्त आहे. विनाचिठ्ठी मिळणाऱ्या क्रीममध्ये ४ टक्क्यांहून अधिक लिडोकेन असल्यास वापरू नये, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने मार्च २०२४ मध्ये दिला. मोठ्या भागावर थापून वर प्लास्टिक गुंडाळले तर औषध रक्तात अधिक उतरते. हृदयाचे ठोके बिघडू शकतात, झटके येऊ शकतात. हा आक्षेप मात्रेचा आहे, नाजूकपणाचा नव्हे.

९/ ज्यांच्या घरी गोंदलेली आजी आजही आहे, त्यांनी तिलाच विचारावे: तेव्हा वय काय होते, विचारून गोंदले का, कोणी धरले होते, गोंदणारीण काय म्हणत होती? उत्तरे तिच्याच शब्दांत खाली लिहा.