आधी नागरिक, मग प्रजासत्ताक

तुळशीची लग्ने उरकत येतात, पहाटेच्या हवेत गारवा उतरू लागतो आणि शाळाशाळांतून मुलांच्या एकसुरात उद्देशिकेचे वाचन ऐकू येते, तेव्हा २६ नोव्हेंबर उजाडलेला असतो. मुंबईच्या मनावर या तारखेची २००८ सालची जखम आहे, आणि ती बाजूला सारून हा दिवस पाळता येत नाही. तरीही २०१५ पासून आपण तो संविधान दिन म्हणून पाळतो, आणि पाळायलाच हवा. संविधान या दिवशी स्वीकारले गेले आणि २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आले, हे आपण सारेच शाळेत शिकलो. मात्र त्यातले मोजके अनुच्छेद २६ नोव्हेंबरलाच लागू झाले होते, आणि त्यांत अग्रभागी होते पाचपासून नऊपर्यंतचे, म्हणजे नागरिकत्वाचे. मूलभूत हक्क अजून यायचे होते, राष्ट्रपती यायचे होते, सर्वोच्च न्यायालय यायचे होते. त्या सगळ्याच्या दोन महिने आधी या देशाने आपली माणसे कोण, हे ठरवून टाकले. प्रजासत्ताक जन्मले तेव्हा त्याचे नागरिक आधीच उभे होते.

हे ठरवणे सोपे गेले नव्हते. ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत हा विषय आला तेव्हा डॉ. आंबेडकरांनी मोकळेपणाने सांगितले, की एखादा अपवाद सोडला तर दुसऱ्या कोणत्याच कलमाने मसुदा समितीला एवढे हैराण केले नाही. किती मसुदे लिहिले आणि किती फाडले याची गणती राहिली नव्हती. आपल्या विदर्भाचे पंजाबराव देशमुख या मसुद्यावर तुटून पडले. असे झाले तर भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त ठरेल, अशी त्यांची तक्रार होती. सभागृहात हा वाद झडत होता तेव्हा कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेली हजारो कुटुंबे दिवस काढीत होती, आणि चर्चा सुरू होण्याच्या दोनच दिवस आधी, ८ ऑगस्टला, गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीच्या जागी उल्हासनगरची पायाभरणी झाली होती. संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने अशा माणसांसाठी रेघ आखली. १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून आलेले आणि इथेच राहिलेले नागरिक मानले गेले. त्यानंतर आलेल्यांनी अर्ज करावा, मात्र अर्जापूर्वी निदान सहा महिने या भूमीवर वास्तव्य केलेले असावे. सर्वस्व गमावून आलेल्या माणसाकडे नव्या राष्ट्राने मागितली ती एवढीच प्रतीक्षा.

पुढे ही प्रतीक्षा लांबत गेली. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात परकीयाला देशीकरणाने नागरिक व्हायचे तर अर्जाआधीचे सलग बारा महिने आणि त्यापूर्वीच्या सात वर्षांपैकी चार वर्षे इथे राहणे पुरे होते. १९८६ मध्ये चाराची नऊ झाली, २००३ च्या दुरुस्तीने अकरा. ज्याची वाट एकेकाळी पाच वर्षांची होती ती बारा वर्षांची झाली, म्हणजे आपल्याकडे ज्याला एक तप म्हणतात तेवढी. आसामातल्या आंदोलनाची आणि सीमेवरच्या वास्तवाची कारणे त्यामागे होती, ती खोटी नव्हती. आपल्या घराचा उंबरठा कसा असावा हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहेच. पण या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाचे बारा वर्षांचे दिवस कसे जातात, याचा विचार घरात बसलेल्यांनी वर्षातून एकदा तरी करायला हवा. तो दुकान चालवतो, भाडे भरतो, गणपतीची वर्गणी देतो, शेजारच्या लग्नात पंगत वाढतो, आणि निवडणुकीच्या दिवशी घरात बसून राहतो. त्याचे मूल इथल्या दवाखान्यात जन्मते, इथल्या शाळेत जाते. पण २००४ नंतर जन्मलेल्या मुलाला जन्माने नागरिकत्व मिळायचे तर आईबापांपैकी एकजण तरी नागरिक असावा लागतो आणि दुसऱ्याचे वास्तव्य बेकायदा असून चालत नाही, त्यामुळे मूलही बापाबरोबर वाट पाहते. सीमेपलीकडे आई आजारी पडली तर जावे की थांबावे, हा प्रश्नही त्याच्यासमोर कागदाच्या रूपाने येतो, कारण शेवटचे बारा महिने सलग हवेत. २०१५ च्या दुरुस्तीने विशेष परिस्थितीत तीस दिवसांपर्यंत सूट देण्याची सोय केली. कायद्याच्या पुस्तकात ती एक ओळ आहे. कुणाच्या तरी आयुष्यात ती आईचे शेवटचे दर्शन असते.

२०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या सहा समुदायांसाठी अकराची पाच वर्षे केली, आणि मार्च २०२४ मध्ये त्याचे नियम आले. उल्हासनगरात आणि नागपूरच्या जरीपटक्यात दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षानुवर्षे राहिलेल्या कुटुंबांना त्याने दिलासा मिळाला, याचा आनंद मानायला हवा. पण धर्म पाहून काळ मोजावा का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि तो प्रश्न रास्त आहे असे आम्हांला वाटते. १९८३ नंतर तामिळनाडूच्या छावण्यांत आलेल्या श्रीलंकेच्या तमिळांना आणि गोंदिया जिल्ह्यात गोठणगावच्या वसाहतीत राहणाऱ्या तिबेटी कुटुंबांना या सवलतीत जागा नाही. वाट किती लांब असावी यावर मतभेद असू शकतात. ती कुठे संपते हे मात्र प्रत्येक वाटसरूला आधी ठाऊक असावे, आणि तिचे माप सर्वांना एकच असावे.

ही प्रतीक्षा आपल्या घरांनाही आता अपरिचित राहिलेली नाही. आपली मुले अमेरिकेत ग्रीन कार्डासाठी वर्षे मोजतात, ते मिळाल्यावर साधारण पाच वर्षांनी नागरिकत्वाच्या अर्जाला पात्र होतात, आणि तो दिवस आला की पुण्या-नाशकातल्या आईवडिलांचा फोन जरा लांबतो. कारण नवव्या अनुच्छेदापासून आजवर आपला कायदा सांगत आला आहे, की दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की इथले सुटते. ऑस्ट्रेलियात अनेक ठिकाणी नव्या नागरिकांचे शपथविधी नेमके २६ जानेवारीला होतात. आपल्या प्रजासत्ताक दिनी, तिथल्या एखाद्या सभागृहात, एखादा मराठी मुलगा दुसऱ्या देशाशी निष्ठेची शपथ घेतो आणि टाळ्यांच्या गजरात तिथले लोक त्याला आपला म्हणतात. त्या टाळ्या आपल्याला गोड वाटत असतील, तर आपल्या गावातल्या जिल्हाधिकारी कार्यालयात तशीच शपथ घेणाऱ्यासाठी आपण कधी टाळी वाजवली, हेही स्वतःला विचारावे लागेल.

त्या शपथेत तीन गोष्टी आहेत: संविधानावर खरी निष्ठा, कायद्यांचे पालन आणि नागरिकाची कर्तव्ये पार पाडण्याचे वचन. जन्माने नागरिक झालेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी हे वचन कधी उच्चारलेले नाही. १९७६ च्या घटनादुरुस्तीने आपल्याही नावे कर्तव्यांची यादी लिहिली, पण ती सही न करताच आपल्याला लाभली. बाहेरून आलेला माणूस बारा वर्षे थांबून, आठव्या अनुसूचीतली एखादी भाषा पुरेशी शिकून, मग हात वर करून ते बोलतो. त्या अनुसूचीत मराठी आहे. अमेरिकेत जन्मून फलटणला आलेल्या, मराठी शिकून मराठी शिकवणाऱ्या आणि भारताच्या नागरिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी तिथल्या मुलांसाठी जी शाळा उभी केली, तीत या भाषेचे नागरिकत्व केवढे मोठे असू शकते हे दिसते.

देशीकरणाच्या अर्जाला अर्जदाराच्या चारित्र्याची साक्ष देणारी दोन भारतीय नागरिकांची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतात. राज्य चौकशी करील, पोलीस अहवाल देतील, पण या माणसाला आपण ओळखतो, हा चांगला माणूस आहे, असे सांगणारे दोन शेजारी कायद्याला हवेत. उल्हासनगरात, जरीपटक्यात, गोठणगावात किंवा आपल्या स्वतःच्या गल्लीत असे कुणी सही मागायला आले, तर कामाचा एक दिवस मोडून, ओळखपत्र घेऊन, त्याच्याबरोबर कचेरीत जाऊन यावे. आणि ज्या जिल्ह्यांत अशा शपथा होतात तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांना आमची विनंती आहे, की त्यांतल्या काही तरी यापुढे २६ नोव्हेंबरला, उद्देशिका वाचणाऱ्या मुलांच्या समोर घडवून आणाव्यात.