एका दिवसाची मोकळी हवा

पुण्यात ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याच्या एका भागात गाड्यांना मज्जाव असतो. २०२१पासून महापालिका हा ‘पादचारी दिन’ साजरा करते. मुले भर रस्त्यात खेळतात, आजी-आजोबा मधोमध निवांत चालतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हॉर्न सुरू. फुप्फुसांना मात्र उरलेले ३६४ दिवसही श्वास घ्यावाच लागतो.

न्यूयॉर्कने टाइम्स स्क्वेअरमध्ये हा प्रयोग चिकाटीने केला. मे २००९मध्ये ब्रॉडवेचा ४२व्या ते ४७व्या रस्त्यांदरम्यानचा पट्टा गाड्यांसाठी बंद झाला. सुरुवातीला तिथे मांडल्या त्या घडीच्या स्वस्त खुर्च्या! पण मोजमाप चोख ठेवले. पादचाऱ्यांच्या दुखापती ३५ टक्क्यांनी घटल्या आणि तिथल्या हवेतील नायट्रोजन डायऑक्साइड ४१ टक्क्यांनी. दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका चिडवणारा वायू तो हाच. २०१०मध्ये बदल कायम करण्याचे ठरले.

पुण्यातल्या व्यापाऱ्यांची धास्ती खोटी नाही. गिऱ्हाईक गाडी लावणार कुठे, माल उतरवणार कधी? माल पहाटे उतरवता येईल. बस आणि वाहनतळाची सोय आधी झाली नाही, तर तोच धूर शेजारच्या पेठांतल्या गल्ल्यांत शिरेल, ही शंका जास्त गंभीर आहे. तेव्हा पुढचा पादचारी दिन महिनाभराचा करावा. लक्ष्मी रस्त्याबरोबर कुमठेकर रस्त्यावरही हवा आणि आवाज मोजणारी यंत्रे आधीपासून बसवावीत, आणि रोजचे आकडे चौकातल्या फलकावर लावावेत.