चार साचे आणि एका तासाचा हिशेब



“माल महाग पडतो, कारण कामगार काम करत नाही.” हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलं आहे की आपल्यातल्याच काहींना ते खरं वाटायला लागलंय. त्यावर घोषणा देऊन उत्तर होत नाही. उत्तर हिशेबाने द्यावं लागतं. आम्ही चौथीपर्यंत शिकलेली माणसं. पण बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आम्हाला येतो, आणि गिरणीच्या हिशेबाला त्याहून जास्त काही लागत नाही.

एक साधा साचा घ्या. आकडे आम्ही हिशेब सोपा जावा म्हणून धरतोय, तुमच्या साच्याचे तुम्ही घाला. धोटा मिनिटाला १८० वेळा जातो, म्हणजे बाण्याचे १८० धागे पडतात. आठ तासांत ८६,४०० धागे. कापडाच्या एका इंचात ६० धागे असतील तर १,४४० इंच, म्हणजे बरोबर ४० वार. पण कधी? साचा एक क्षणही थांबला नाही तर. असा साचा कागदावर असतो, खात्यात आम्ही अजून पाहिलेला नाही.

आता थांबण्याचा हिशेब. कांडी संपते, ती बदलायची. तासाला १२ वेळा, दर वेळी १० सेकंद, झाली दोन मिनिटं. ताण्याची तार तुटते, ती शोधायची, जोडायची, फणीतून ओढायची. एका तारेला एक मिनिट धरा. सूत चांगलं असेल आणि तासाला चारच तारा तुटत असतील, तर चार मिनिटं. म्हणजे एका साच्यामागे तासाला सहा मिनिटं आमचे हात गुंतले. दोन साच्यांना बारा, चार साच्यांना चोवीस मिनिटं. उरलेल्या वेळात चालायचं, कापडावर नजर ठेवायची, घाम पुसायचा. जमतं.

आता सूत खराब आलं. तासाला चाराऐवजी बारा तारा तुटू लागल्या. एका साच्याला बारा आणि दोन, चौदा मिनिटं. चार साच्यांना छप्पन्न मिनिटं! तासाची मिनिटं साठच असतात, ती कुणाच्या हुकमाने वाढत नाहीत. शिवाय तारा काही पाळीपाळीने तुटत नाहीत. एक जोडत असता दुसरीकडे दोन साचे उभे राहतात आणि आमची वाट बघतात.

आणखी एक बघा. खराब सुताच्या दोन साच्यांना अठ्ठावीस मिनिटं लागतात, चांगल्या सुताच्या चार साच्यांना चोवीस. म्हणजे दोन साचेवाला चार साचेवाल्यापेक्षा जास्त राबतोय, आणि पगाराच्या दिवशी त्याच्याच हातात कमी पैसे, कारण मजुरी वारावर. मग कामचुकार कोण?

साच्यांची संख्या म्हणजे काम नव्हे. हे ज्याला कळलं त्याला उत्पादनाचं अर्धं शास्त्र कळलं.

उत्पादन आणि उत्पादकता हे दोन शब्द साहेब लोक एकाच अर्थाने वापरतात. ते एक नाहीत. चार तास जादा राबवून दहा वार जास्त काढले, तर उत्पादन वाढलं. तेवढ्याच तासांत, तेवढ्याच सुतात जास्त चांगलं कापड निघालं, तर उत्पादकता वाढली. पहिली गोष्ट आमच्या पायांतून निघते. दुसरी निघते कापसातून, खळीतून, खात्यातल्या दमट हवेतून आणि यंत्राच्या देखभालीतून. हवा कोरडी झाली की कापसाचं सूत कडक होऊन पटापट तुटतं, हे साच्यावर पहिला महिना काढलेल्या पोरालाही ठाऊक असतं.

आता “माल महाग” याचा हिशेब. साचा चालो वा न चालो, काही खर्च चालूच राहतो. कर्जाचं व्याज, इमारत, कारकुनांचे पगार, यंत्राची झीज. एका साच्याच्या वाट्याला हा खर्च पाळीला ३६० रुपये धरा. चांगल्या सुतावर तासाला सहा मिनिटं थांबून साचा ३६ वार काढतो, वारामागे दहा रुपये पडले. खराब सुतावर तोच साचा तीस वारांवर येतो, वारामागे बारा रुपये. आमची मजुरी एक पैने वाढली नाही, तरी कापड दोन रुपयांनी महागलं! उद्या कुणी आखूड धाग्याचा स्वस्त कापूस मिसळून वारामागे रुपया वाचवला, तर त्याने एक कमावला आणि दोन घालवले. पण कापसाची बचत वहीत दिसते. थांबलेल्या साच्याची मिनिटं कुठल्याच वहीत नसतात, म्हणून तो खर्च आमच्या माथी बसतो.

आमचंही चुकतं, ते लपवून उपयोग नाही. चहाला म्हणून साचा थांबवून वीस मिनिटं बाहेर उभे राहणारे आपल्यात आहेत. त्या वीस मिनिटांचा हिशेबही वर सांगितला तसाच होतो.

हा वाद आजचा नाही. १९२८ साली मुंबईत जवळपास दीड लाख गिरणी कामगार एप्रिल ते ऑक्टोबर संपावर होते. भांडणाच्या मुळाशी दोनऐवजी तीन साचे ही एक मोठी गोष्ट होती. सहा साच्यांवर तीन माणसं होती तिथे दोन राहणार, तिसऱ्याने गावची वाट धरायची. त्या काळी विलायतेचा दाखला मिळे, तिकडचा विणकर चार माग सांभाळतो म्हणून. पण १९३१ साली त्याच लँकशायरमध्ये चाराऐवजी आठ माग लादू लागले, तेव्हा तिथल्या विणकरांनीही नकार दिला.

मग एक माणूस पुष्कळ माग सांभाळूच शकत नाही का? शकतो. जपानात साकिची टोयोडा याने १९२४ साली जो माग काढला, तो न थांबता धोटा बदलत असे आणि तार तुटली की आपोआप थांबत असे. १९२९ मध्ये ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क विकत घेतले. तिथे कामगाराचं काम यंत्राने उचललं, म्हणून माग वाढले. इथे यंत्र तेच, सूत तेच, आणि वाढवायची फक्त आमची धावपळ. मुंबईच्या गिरणगावातले भोंगे थंड झाले, पण साधा साचा इचलकरंजीत, भिवंडीत, मालेगावात अजून खडखडतो आहे, आणि प्रश्न तिथे तोच आहे.

आमच्या खात्यात चौथ्या साच्याची नोटीस लागली तेव्हा आम्ही तिघांनी सहा दिवस तुटलेल्या तारा लिहून काढल्या. दिसलं असं, की ठरावीक बीम चढले की तारा तिप्पट तुटतात. ते सगळे खळ खात्यातल्या एकाच टाकीवरून आलेले. वही मॅनेजर साहेबांपुढे ठेवली. आधी ते म्हणाले, तुम्हाला लिहायला कुणी सांगितलं? तिसऱ्या दिवशी टाकीचा थर्मामीटर बदलला. तारा कमी झाल्या. नोटीस मात्र अजून भिंतीवर आहे. आता साहेब म्हणतात, तारा तुटत नाहीत तर चौथा साचा घ्या! आम्ही म्हटलं, घेऊ. आधी आणखी महिनाभर वही भरू द्या, मग चौथ्या साच्याने जी बचत होईल तिच्यात आमचा वाटा किती आणि बसणाऱ्या माणसाचं काय, ते कागदावर द्या. त्यावर उत्तर आलेलं नाही.

वहीला चार रकाने पुरतात. साच्याचा नंबर, बीमचा नंबर, तुटलेल्या तारा, थांबलेली मिनिटं. पेन्सिल सुतळीने साच्यालाच बांधून ठेवा, नाहीतर जॉबर घेऊन जातो.