क्षमेचे वकील

“झालें गेलें विसरा, क्षमा करा, म्हणजे मनाला शांति लाभेल,” हा उपदेश आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. तो कोणास केला जातो, इकडे मात्र कोणाचें लक्ष नसतें. भावानें वडिलोपार्जित घर बळकाविलें, तर उपदेश बहिणीला. सासूनें छळ मांडला, तर सुनेला. अन्याय करणाराच्या दारीं हे क्षमेचे वकील सहसा जात नाहींत. तेथून हात हलवीत परत यावें लागेल, हें त्यांस पक्कें ठाऊक असतें. खरें म्हणजे शांति हवी असते ती त्यांची त्यांनाच. दुसऱ्याचें रडणें ऐकून त्यांची झोपमोड होते!

या मंडळींच्या तोंडीं अलीकडे दक्षिण आफ्रिकेचा दाखला वारंवार येतो. १९९५ च्या कायद्यानें तेथें सत्य व सलोखा आयोग स्थापन झाला, आर्चबिशप डेसमंड टूटू त्याचे अध्यक्ष झाले, आणि काळ्या लोकांनीं सर्व अपराध पोटांत घातले, अशी ही गोष्ट सांगितली जाते. तींतली अट तेवढी गाळली जाते. माफी मागणारास, आपलें कृत्य राजकीय हेतूनें घडलें हें दाखवून, त्याची हकीकत कांहींएक न लपवितां सांगावी लागे. सात हजारांवर अर्ज आले. त्यांतले बहुतेक नामंजूर झाले.

स्टीव्ह बिको हा तरुण पुढारी १९७७ सालीं पोलिसांच्या ताब्यांत असतांना डोक्यास झालेल्या दुखापतीनें मरण पावला. या माफीच्या कायद्याविरुद्ध त्याच्या पत्नीनें इतरांसह घटना-न्यायालयांत दाद मागितली. १९९६ सालीं निकाल विरुद्ध गेला. पुढें त्या पोलिसांनीं अर्ज केले, पण त्यांची हकीकत आयोगाच्या समितीस पटली नाहीं व १९९९ सालीं त्यांना माफी नाकारण्यांत आली. या बाईंनीं न्याय मागितला, म्हणून त्यांस सूडबुद्धीच्या म्हणावयाचें काय? सरकार फार तर शिक्षा माफ करील. त्यांच्या वतीनें क्षमा करण्याचा अधिकार आर्चबिशपांनाही नव्हता.

मी क्षमेचा वैरी नव्हे. एका गृहस्थानें माझ्यावर केलेला अन्याय मीं अकरा वर्षांनंतर मनापासून सोडून दिला, आणि तेव्हांपासून मला बरें वाटतें, हें कबूल करतों. परंतु त्या अकरा वर्षांत ज्यांनीं मला उपदेश केला, त्यांपैकीं एकाचाही त्यांत वाटा नाहीं. वाटा आहे तो एका मित्राचा. त्यानें सर्व ऐकून घेतलें, आणि “तुझ्यावर अन्याय झाला,” एवढेंच म्हटलें.